पाप कबूल करूनही शांती का मिळत नाही? नाताळ आणि देवाशी समेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लहानपणापासून ख्रिस्ती उपासनेत वाढलात. दर नाताळात देवदूतांचा ‘पृथ्वीवर शांती’ हा निरोप ऐकता, गीतं म्हणता, आणि उपासना संपली की देव आपल्यावर नाराज आहे ही जाणीव पुन्हा मनात येऊन बसते. काही वर्षांपूर्वी घरच्या एका व्यवहारात तुम्ही सख्ख्या भावाला फसवलंत. ते देवाजवळ कितीदा तरी कबूल केलंत, तरी आत स्वस्थता नाही. मग देवाशी समेट होतो म्हणजे नक्की काय होतं आणि नाताळचा त्याच्याशी काय संबंध, असं तुम्ही विचारता.

मी बरीच वर्षं पाळकाचं काम करतो आहे. मंडळीत नियमित येणारी, बायबल वाचणारी माणसंही हा प्रश्न विचारतात, बहुधा एकटं गाठून आणि हलक्या आवाजात. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. देवाशी समेट ही आपल्या मनात उत्पन्न करायची भावना नव्हे. ती देवाने स्वतः पुढाकार घेऊन घडवलेली गोष्ट आहे आणि नाताळ म्हणजे त्या पुढाकाराची दृश्य सुरुवात. मनाची स्वस्थता त्यातून येते, पण मागाहून येते, आणि ती कमीजास्तही होते. तुम्ही मनाच्या स्वस्थतेवरून समेट झाला की नाही हे ठरवत आहात, त्यामुळे दर वर्षी तुमचा निकाल तुमच्याच विरुद्ध लागतो.

येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. विश्वासाने नीतिमान ठरवलं गेल्यामुळे प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे आपली देवाबरोबर शांती आहे, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. आणि काही ओळींनंतर, आपण शत्रू असतानाच देवाच्या पुत्राच्या मरणाने आपला समेट झाला, असं सांगतो. ‘शत्रू’ हा शब्द बऱ्याच जणांना खटकतो. मी देवाशी कधी वैर केलं, असं प्रामाणिक माणूस विचारतो. पण देवाशी असलेलं वैर बहुतेकांच्या आयुष्यात आरडाओरड्याचं नसतंच, ते टाळण्याचं असतं. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा देवावर हात उगारत नाहीत, ते झाडांमध्ये लपतात. आणि देव विचारतो, ‘तू कोठे आहेस?’ देवाला ठिकाण माहीत नव्हतं म्हणून हा प्रश्न आला नाही. लपलेल्या माणसाला बोलतं करण्यासाठी तो विचारला गेला. उपासनेला येऊनही माणूस लपलेला राहू शकतो. गीतांच्या आड, सेवेच्या आड, एवढंच काय, त्याच त्या पापकबुलीच्या आडसुद्धा.

आता नाताळाकडे येतो, कारण इथे थांबून पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

शुभवर्तमानकार लूक येशूच्या जन्माची गोष्ट रोमचा सम्राट कैसर औगुस्त याच्या नावाने सुरू करतो. ते नाव केवळ तारखेसाठी नाही. औगुस्ताचं सगळं राजकारणच ‘शांती’ या नावावर उभं होतं. स्पेन आणि गॉल या प्रांतांची व्यवस्था लावून तो रोमला परतला, तेव्हा सेनेटने त्याच्या सन्मानार्थ शांतीची वेदी उभारायचं ठरवलं आणि इ.स.पू. 9 मध्ये ती अर्पण झाली. ती उभी राहिली मार्स या युद्धदेवतेच्या नावाच्या मैदानात. त्याच वर्षी आशिया नावाच्या रोमन प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) शहरांनी ठराव केला की औगुस्ताच्या वाढदिवसापासून नवं वर्ष मोजावं, कारण त्याचा जन्म ही जगासाठी शुभवार्तेची सुरुवात आहे. हा ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यात औगुस्ताला युद्ध थांबवणारा तारणारा म्हटलं आहे. त्याच्या नाण्यांवर ‘देवाचा पुत्र’ ही पदवी असे.

हे डोळ्यांसमोर ठेवून लूकचा दुसरा अध्याय वाचा. त्याच सम्राटाच्या हुकुमामुळे, नावनोंदणीसाठी, एका गर्भवती मुलीला घेऊन तिचा वाग्दत्त नासरेथहून बेथलेहेमला जातो. मूल जन्मतं, उतारशाळेत जागा नसते, बाळाला गव्हाणीत ठेवतात. आणि रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत सांगतो की मोठ्या आनंदाची सुवार्ता आहे, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे, तो ख्रिस्त प्रभू आहे. मग स्वर्गीय सेना पृथ्वीवरच्या शांतीचं गीत गाते. सुवार्ता, तारणारा, प्रभू, शांती. साम्राज्याने सम्राटासाठी वापरलेली सगळी भाषा इथे एका गोठ्यातल्या बाळाला दिली आहे.

फरक शांती आणण्याच्या रीतीत आहे. रोमची शांती समोरचा शरण आला की सुरू होई. दुबळ्याने वाकायचं, खंडणी आणायची, मग बलवानाने हात आखडता घ्यायचा. आपल्या मनातला देवही पुष्कळदा असाच असतो. आधी मी पुरेसा वाकलो पाहिजे, पुरेसा रडलो पाहिजे, काहीतरी आणून पायाशी ठेवलं पाहिजे, मग कदाचित तो नरमेल. बेथलेहेममध्ये क्रम उलटा आहे. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच अपराध्याकडे आला. तोही अशा रूपात, की त्याला भिऊन कुणी पळावं असं काही त्यात नव्हतं. मेंढपाळांना मिळालेली खूणही तशीच होती: कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं बाळ.

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मी जास्त वेळ थांबलो. तुम्ही लिहिता की येशूबद्दल तुम्हाला प्रेम वाटतं, पण ‘देवाची’ भीती वाटते. माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचं मूळ बरंचसं इथे आहे. अनेक ख्रिस्ती मनांत नकळत असं चित्र असतं की पिता संतापलेला, पुत्र कनवाळू, आणि पुत्र मध्ये पडून पित्याला कसंबसं शांत करतो. हे चित्र शुभवर्तमानाचं नाही. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असं पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. समेटाची इच्छा पित्याची, पाठवणं पित्याचं, आणि आलेला पुत्र पित्याहून वेगळ्या मनाचा नव्हे.

इ.स. 325 मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेत वाद झाला तो याच मुद्द्यावर. पुत्र हा निर्माण केलेला आहे, खरा देव नाही, असं आरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता. परिषदेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं कबूल केलं. आज तो वाद केवळ पंडितांचा वाटतो, पण शांती नसलेल्या माणसासाठी तो जिव्हाळ्याचा आहे. गव्हाणीतलं बाळ देवाहून कमी असेल, तर त्याच्या प्रेमळपणावरून देव कसा आहे हे सांगता येणार नाही. आईच्या कुशीत रडणाऱ्या त्या बाळामागे दुसरा एखादा कठोर देव लपला आहे की काय, ही शंका कायम राहील. बाळ खराच देव असेल, तर मत्तयाने सांगितलेलं इम्मानुएल हे नाव, म्हणजे आमच्याबरोबर देव, अक्षरशः खरं ठरतं. येशूकडे पाहून तुम्हाला जो देव दिसतो त्याच्या पलीकडे वेगळा देव नाही.

पण यावरून पाप ही किरकोळ बाब आहे असं समजू नका. देवाचा पापावर राग आहे आणि तो असायलाच हवा. तुमच्या भावावर देवाचं प्रेम आहे, म्हणूनच त्याची झालेली फसवणूक देवाला चालत नाही. ज्या देवाला त्याचं काहीच वाटत नाही, त्याच्या क्षमेलाही काही किंमत उरणार नाही.

म्हणून गव्हाणीपाशी थांबून भागत नाही. जन्माआधीच देवदूत योसेफाला सांगतो की बाळाचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. बाळाला मंदिरात आणतात तेव्हा म्हातारा शिमोन त्याला हातांवर घेऊन म्हणतो, प्रभू, आता तू आपल्या दासाला शांतीने जाऊ देत आहेस. आणि लगेच मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार भोसकली जाईल. एकाच म्हाताऱ्याच्या तोंडी, एकाच भेटीत, शांती आणि तलवार दोन्ही येतात. नाताळच्या कार्यक्रमांत शिमोनाला सहसा जागा मिळत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. कलस्सैच्या मंडळीला लिहिताना पौल हे दोन्ही धागे एकत्र बांधतो: ख्रिस्ताच्या ठायी देवाची सर्व पूर्णता वसली आणि त्याच्या वधस्तंभावरच्या रक्ताने देवाने शांती केली. जिथे क्षमा होते तिथे नुकसान कुणीतरी सोसतंच. तुमच्या भावाने उद्या तुम्हाला क्षमा केली तर तो नुकसान स्वतःकडे ठेवूनच करील. देवाने ते सोसायला शरीर धारण केलं. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी बंद दाराआड बसलेल्या शिष्यांना येशू म्हणतो, तुम्हाला शांती असो, आणि मग हात व कूस दाखवतो. ती शांती कुठून आली हे त्याने दाखवलेल्या घावांत दिसतं.

वधस्तंभ वगळून नाताळ साजरा केला तर काय उरतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. 1914 च्या नाताळात, पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर आले. त्यांनी गीतं म्हटली, छोट्या भेटी दिल्या-घेतल्या, मधल्या जागेत पडलेल्या मृतांना पुरलं. ते खोटं नव्हतं, त्या माणसांना शांती मनापासून हवी होती. पण युद्धाचं कारण कुणी मिटवलं नव्हतं, त्यामुळे बंदुका पुन्हा सुरू झाल्या आणि शस्त्रसंधी व्हायला 11 नोव्हेंबर 1918 उजाडावा लागला. तुमचा दर वर्षीचा नाताळ मला या विरामासारखा वाटतो. त्या रात्रीची भावना खरी असते, पण मूळ तंटा मिटला आहे यावर तुम्ही विश्वास ठेवलेला नसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मन पुन्हा खंदकात जातं.

आता, कबूल करूनही शांती का नाही, याकडे वळू.

माझ्या अनुभवात पहिली शक्यता अशी की माणूस क्षमा मागतो, पण घेत नाही. तो स्वतःला शिक्षा करत राहतो आणि तिलाच पश्चात्ताप समजतो. पुढे धर्मसुधारक म्हणून ओळखला गेलेला मार्टिन ल्यूथर 1505 मध्ये एरफुर्टच्या मठात गेला. उपास, जागरणं, तासन्‌तास पापकबुली, सगळं त्याने केलं, तरी न्यायी देवाच्या विचाराने त्याला कापरं भरे. त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ याने त्याला स्वतःच्या पापांकडे टक लावण्याऐवजी ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगितलं. सल्ला साधा आहे, पण मी तो पुष्कळांना देतो. स्वतःला दिलेल्या दुःखाने आपण देवाचं देणं फेडू शकत नाही, आणि ते फेडायचा प्रयत्न म्हणजे ख्रिस्ताने केलेलं काम अपुरं मानणं. योहानाच्या पहिल्या पत्रात स्पष्ट आश्वासन आहे: आपण पापं कबूल केली तर देव विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून क्षमा करील. क्षमेचा आधार तुमच्या रडण्याची खोली नसून देवाचा विश्वासूपणा आहे.

दुसरी शक्यता पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. रमाबाईंसारख्या विदुषीला, ज्यांनी धर्मग्रंथ पारखून घेतले होते, हे म्हणावं लागलं. तेव्हा तुम्हाला लहानपणापासूनची उपासना असूनही असं वाटत असेल तर त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. नाताळचा अर्थ माहीत असणं आणि ‘तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे’ यातलं ‘तुमच्यासाठी’ स्वतःला लावून घेणं, या दोहोंत अंतर आहे. ते ओलांडणं म्हणजेच विश्वास.

तिसरी शक्यता सर्वांत व्यावहारिक, आणि तुमच्या बाबतीत मला तीच ठळक दिसते. तुम्ही देवाजवळ कितीदा कबूल केलंत ते लिहिलंत. भावाजवळ एकदा तरी कबूल केलंत का, ते लिहिलेलं नाही. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात म्हणतो. देवाची क्षमा भावाच्या क्षमेवर अवलंबून नाही. पण देवाने क्षमा केलेला माणूस भावाला टाळत राहिला, तर त्याचं मन त्याला स्वस्थ बसू देणार नाही, आणि ती बेचैनी पवित्र आत्म्याची असू शकते. जकातदार जक्कयाच्या घरी येशू आधी गेला, जक्कयाने चौपट परत द्यायची भाषा नंतर केली. हा क्रम लक्षात असू द्या, म्हणजे परतफेड क्षमेची किंमत होणार नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी आडपडदा न ठेवता सांगतो. झोप उडाली असेल, जगण्यात रस उरला नसेल, तोच विचार दिवसभर इच्छेविरुद्ध डोक्यात फिरत असेल, क्षमा मागितल्याशिवाय हातातलं काम पुढे जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्य आणि मंत्रचळ (ओसीडी) हे आजार आहेत. ते अपराधीपणाचा आवाज देवाच्या आवाजासारखा भासवतात. उपचार घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

या नाताळात काय करावं? लूकचे पहिले दोन अध्याय काही दिवस घेऊन, सावकाश, शिमोनापर्यंत वाचा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या याचं गीत घाईत सोडू नका. त्यात पापांच्या क्षमेमुळे तारणाचं ज्ञान मिळतं असं आहे, आणि शेवट आपले पाय शांतीच्या वाटेला लागण्याने होतो. शांती ही चालायची वाट आहे हे तिथे दिसतं. मग रोमकरांस पत्र, अध्याय 5, पहिली अकरा वचनं मोठ्याने वाचा. त्यानंतर एकदाच, नावानिशी, गोलमाल न करता प्रार्थना करा. शब्द सुचत नसतील तर असं म्हणा:

‘हे पित्या, मी माझ्या भावाला फसवलं आणि तुझ्यापासून लपत राहिलो. तू मला शोधत तुझ्या पुत्राच्या रूपाने आलास. माझ्या पापाचा भार त्याने वधस्तंभावर वाहिला, यावर मी विश्वास ठेवतो. तुझी क्षमा मी आज स्वीकारतो. भावाकडे जायला मला धैर्य दे. आमेन.’

ही प्रार्थना शक्य असेल तर विश्वासू पाळकासमोर किंवा प्रगल्भ ख्रिस्ती व्यक्तीसमोर करा. एकमेकांजवळ पापं कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं याकोब लिहितो. ‘तुझी क्षमा झाली आहे’ हे दुसऱ्या माणसाच्या आवाजात ऐकण्यात मोठी ताकद असते, कारण आपला आवाज आपल्याला पटकन खोटा वाटतो. मग प्रभुभोजन घ्या. त्यानंतर जुनं पाप आठवलं की पुन्हा क्षमा मागू नका, आभार माना. ही सवय जडायला वेळ लागतो, पण माझ्या पाहण्यात याहून उपयोगी सवय नाही.

हे वाचणारे कुणी ख्रिस्ती नसतील तर त्यांनाही हेच सांगेन. या शांतीसाठी आधी पात्र व्हावं लागत नाही. देवदूतांचा निरोप प्रथम ज्यांना मिळाला ते रात्रपाळीवर असलेले कष्टकरी होते, धर्माचे जाणकार नव्हते.

शांती आली म्हणजे त्रास संपला असंही समजू नका. त्याच बेथलेहेममध्ये थोड्याच काळात हेरोद राजाने लहान मुलांची कत्तल करवली आणि योसेफ-मरीया बाळाला घेऊन रातोरात मिसरला पळाले. देवाशी समेट झालेल्या घरातही आजारपण, भांडण, मृत्यू येतात. अशा दिवशी मन हलेल. तुमचा समेट त्याने हलत नाही.

भावाकडे जाताना एवढं सांभाळा. ‘देवाने मला क्षमा केली आहे’ हे त्याला ऐकवू नका. ज्याचं नुकसान झालं त्याला ते वाक्य थपडेसारखं लागतं. काय केलंत ते सबबी न सांगता सांगा, घेतलेले पैसे परत करा, एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा. त्याने लगेच गळ्यात पडावं अशी अपेक्षा धरू नका. तो रागावेल, कदाचित दार लावून घेईल. आपल्याकडून होईल तितकं सर्वांबरोबर शांतीने राहा, असं पौल म्हणतो, आणि त्यात ‘आपल्याकडून’ ही मर्यादा आहे. तुमच्याकडून व्हायचं ते झालं की बाकी त्याच्यावर सोडा, त्याच्यासाठी प्रार्थना चालू ठेवा, आणि पुढचा हप्ता वेळेवर द्या.